रुग्णालयातली यंत्रं आणि त्यांची देखभाल सॉफ्टवेअरवर आणायची आहे : नागपूरकरांचे अनुभव हवेत

बायोमेड_धंतोली
७ एप्रिल, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. धंतोलीत सव्वाशेच्या आसपास खाटा असलेल्या एका रुग्णालयात मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. हाताखाली एक टेक्निशियन. यंत्रांची नोंद, देखभाल, तक्रारी असं सगळं सॉफ्टवेअरवर आणा, असं व्यवस्थापनाने सांगितलंय. पैसे मंजूर आहेत. डेमो द्यायला लोक येतात आणि बहुतेकांच्या पहिल्या स्क्रीनवर रंगीत आलेख असतात. मला त्या आलेखांच्या आधीचं विचारायचं आहे.

आज आमच्याकडे एकाच यंत्राची माहिती चार ठिकाणी आहे. डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) लेखा विभागात, एएमसी-सीएमसीच्या म्हणजे वार्षिक देखभाल करारांच्या फाइली खरेदी विभागात, कॅलिब्रेशनची (यंत्राचं माप अचूक आहे ना, या तपासणीची) प्रमाणपत्रं माझ्या कपाटात आणि तक्रार वही प्रत्येक वॉर्डात. या चौघांचं एकमेकांशी जुळत नाही. लेखा विभागाच्या दृष्टीने निर्लेखित झालेला, म्हणजे हिशेबातून काढून टाकलेला सिरिंज पंप आयसीयूत चालू असतो. वॉर्डाच्या वहीत 'दुरुस्त' लिहिलेला मॉनिटर अजून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असतो.

माझी अपेक्षा एवढीच आहे. रात्री दोन वाजता गंभीर रुग्ण आला तर कुठला व्हेंटिलेटर मोकळा आणि तपासलेला आहे, हे ड्युटीवरच्या सिस्टरला कळावं. आणि त्या व्हेंटिलेटरचा बसवल्यापासूनचा इतिहास मला एका जागी दिसावा.

सुरुवात कुठून करावी? तयार सॉफ्टवेअर घ्यावं की मुक्त स्रोत? लिफ्ट, जनरेटर, एसी हेही याच प्रणालीत घ्यावेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वॉर्डातली माणसं ते मनापासून वापरतील यासाठी काय करावं?

जिल्हा_बायोमेड
७ एप्रिल, रात्री ११.१५

चांगला धागा काढलात. मी सरकारी बाजूने या कामात आहे, म्हणून तिकडचं सांगतो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये बायोमेडिकल उपकरणांच्या देखभालीचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. त्याआधी राज्याराज्यांत यंत्रांची मोजदाद झाली. २९ राज्यांतल्या २९,११५ आरोग्य संस्थांमध्ये ७,५६,७५० यंत्रं सापडली, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. त्यातली १३ ते ३४ टक्के यंत्रं राज्यागणिक बंद पडलेली होती. हे आकडे मोजणी झाली म्हणून समजले. त्याआधी प्रत्येक ठिकाणी 'एखाददुसरं बंद असेल' एवढीच समजूत होती.

त्या कार्यक्रमाचा गाभा सोपा आहे. प्रत्येक यंत्रावर ओळख क्रमांकाचा स्टिकर, तक्रारीसाठी टोल फ्री क्रमांक, आणि यंत्र किती काळ चालू राहिलं पाहिजे याची अट : जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालय पातळीवर ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ९५ टक्के ऐकायला छान वाटतं, पण वर्षाचे ५ टक्के म्हणजे १८ दिवस. रुग्णालयात एकच सीटी असेल आणि तो सलग १८ दिवस बंद राहिला, तरी कागदावर अट पूर्ण होते. म्हणून सीएमसीच्या करारात वर्षाची टक्केवारी आणि एका वेळी सलग किती तास बंद चालेल, अशा दोन्ही अटी घाला. मग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मोजता येतील अशी सोय मागा.

आणि काहीही विकत घेण्याआधी स्वतः पायी फिरून मोजणी करा. प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट, जिन्याखालची जागासुद्धा. जुनी एक्सेल शीट तशीच नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली तर जुन्या चुकाच बारकोड लावून पुढे जातील.

नावांचाही प्रश्न सोडवा. एकच यंत्र कोणी मल्टिपॅरा म्हणतं, कोणी कार्डियाक मॉनिटर, कोणी नुसतं पॅरा. त्यामुळे 'आपल्याकडे मॉनिटर किती' याची तीन उत्तरं येतात. जीएमडीएन किंवा यूएमडीएनएस यांसारखी प्रमाणित नामावली निवडा, तिच्यातलं नाव मुख्य ठेवा आणि वॉर्डातलं बोलीतलं नाव शोधण्यासाठी सोबत जोडा.

सिस्टर_आयसीयू
८ एप्रिल, सकाळी ७.३०

रात्रपाळी संपवून लिहितेय. भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न मला पहिला वाटतो, म्हणून त्याच्यावरच बोलते.

आम्ही तक्रार का नोंदवत नाही, तर आमच्याकडे वेळ नसतो. लॉगिन करा, पासवर्ड टाका, विभाग निवडा, यंत्राचा प्रकार निवडा, सिरियल नंबर लिहा, एवढं होईपर्यंत दोन बेडचे अलार्म वाजून जातात. मग आम्ही सरळ फोन करतो नाहीतर मामांना पाठवतो. फोनवर सांगितलेल्याची नोंद कुठेच राहत नाही. उद्या विचारलं तर 'तक्रार आलीच नव्हती' हे उत्तर मिळतं.

यंत्रावर क्यूआर कोड असावा. वॉर्डाच्या फोनने तो स्कॅन केला की थेट त्याच यंत्राचं पान उघडावं. आमचे स्वतःचे मोबाइल यासाठी वापरायला लावू नका, वॉर्डाला एक फोन द्या. पानावर चार मोठी बटणं पुरतात : बंद आहे, चालतंय पण बरोबर नाही, ॲक्सेसरी हवी, आणि रुग्णाला धोका. लिहायचं असेल तर बोलून टाइप व्हावं, मराठीतून.

ॲक्सेसरी वेगळी ठेवा, हे आग्रहाने सांगते. 'मॉनिटर बिघडला' म्हणून जे कॉल जातात, त्यात खूप वेळा एसपीओटू प्रोब (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा), बीपीचा कफ नाहीतर ईसीजीच्या लीड खराब असतात. मॉनिटर ठणठणीत असतो. सगळं एकाच खात्यात टाकलंत तर चांगल्या मॉनिटरच्या नावावर बिघाड चढत जातील आणि खरेदीला कधीच कळणार नाही की गरज प्रोबची आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. तक्रार बंद कोण करणार? आज टेक्निशियन 'क्लोज' करतो आणि निघून जातो. यंत्र पुन्हा रुग्णाला लावल्यावर चालतं की नाही, ते आम्ही पाहतो. म्हणून तक्रार बंद करण्याचं बटण त्या पाळीच्या इनचार्ज सिस्टरच्या हातात हवं. एवढं केलंत तर वॉर्ड हे सॉफ्टवेअर आपलं मानेल.

बायोमेड_धंतोली
८ एप्रिल, दुपारी १.१०

ताई, हे मुद्दे मी जसेच्या तसे डेमोवाल्यांपुढे ठेवणार आहे. तक्रार बंद करण्याचा अधिकार वॉर्डाला द्यायचा, हे मी आजवर पाहिलेल्या एकाही डेमोत नव्हतं.

वीजवाला_नागपूर
८ एप्रिल, संध्याकाळी ६.४५

भाऊ, लिफ्ट-जनरेटर घ्यायचे का म्हणून काय विचारून राहिले? घ्यायचेच! व्हेंटिलेटर कितीही चांगला असो, त्याच्या मागं बोर्ड आहे, यूपीएस आहे, डीजी म्हणजे डिझेल जनरेटर आहे. मी दवाखान्याच्या प्लांटमधीच काम करतो, म्हणून मनापासून सांगून राहिलो.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. यूपीएसच्या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशाच्या हिशेबानं छापलेलं असते. तापमान १० अंशानं वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होते. बॅटरीची खोली गच्चीवर पत्र्याखाली असंल अन् तिथला एसी बंद असंल, तर पाच वर्षांची बॅटरी पाच वर्षं काय टिकंल? म्हणून सॉफ्टवेअरमधी बॅटरीची तपासणी सहा महिन्यांनी टाकू नका. मार्च उतरता उतरता एक अन् पाऊस लागायच्या आधी एक, अशी टाका. एमआरआयचा चिलर, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) एएचयू म्हणजे हवा गाळून खेळवणारी यंत्रं, वॉटर कूलर, सगळ्यांचं कॅलेंडर इथल्या उन्हाळ्यावर बसवा. कंपनीचं छापील वेळापत्रक थंड देशातल्या हवेसाठी बनलेलं असू शकते.

डीजी रोज चालवून पाहतो म्हणतात, पण बिनलोडचा. लोडवर चालवला का, चेंजओव्हरला (लाइनवरून जनरेटरवर जायला) किती सेकंद लागले, डिझेल किती उरलं, हे आकडे भरल्याशिवाय काम पूर्ण झालं असं सॉफ्टवेअरनं मानूच नये. नुसती टिक मारायची सोय ठेवली तर लोक टिकच मारतील.

ऑक्सिजनचं तसंच. द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असंल तर परवाना पेसोचा (स्फोटकं अन् दाबाच्या टाक्यांची सुरक्षा पाहणारी केंद्रीय संस्था), अन् पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे. टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी, परवान्याची तारीख, सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) कधी झाली, हे सगळं यंत्रासारखंच नोंदवा. फायरचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) जानेवारी अन् जुलैत द्यावा लागते, त्याची आठवण महिनाभर आधी आली पाहिजे. स्प्रिंकलर, हायड्रंट पंप, डिटेक्टर यांना त्यांचे त्यांचे क्रमांक द्या.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षात आग लागली, दहा लेकरं गेली. नागपूरहून भंडारा किती दूर आहे? त्या दिवसापासून मी कोणत्याही नवजात कक्षात शिरलो की आधी प्लग पॉइंट पाहतो. एका एक्स्टेंशनवर किती वॉर्मर (बाळाले ऊब देणारी यंत्रं) लागले आहेत, ही नोंद तुमच्या सॉफ्टवेअरमधी कुठं बसते, ते एकदा डेमोवाल्याले विचारा.

गुणवत्ता_ताई
८ एप्रिल, रात्री ८.२०

शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून धन्यवाद दादा. यंत्र ज्या पॉइंटवर लागतं तो पॉइंट आणि त्या पॉइंटवरचा एकूण भार, या दोन्ही नोंदी 'जागा' या रकान्याखाली ठेवता येतात. नुसतं 'एनआयसीयू' (नवजात शिशूंचा अतिदक्षता कक्ष) लिहू नका. एनआयसीयू, बेड ४, पॅनेल ब, इतकं खोल जा.

मी एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मानकांचं काम पाहते. मानकांमध्ये सुविधा व्यवस्थापन आणि सुरक्षितता हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि यंत्रांची यादी, देखभालीचं वेळापत्रक, कॅलिब्रेशन हे सगळं तिथे येतं. कायद्याच्या तारखा त्याहून कडक असतात. एक्स-रे आणि सीटीचा परवाना एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवर असतो. निदानासाठीच्या एक्स-रे यंत्रांची गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी करायची असते, शिवाय किरणांवर परिणाम करणारी दुरुस्ती झाली तर त्यानंतरही. कर्मचाऱ्यांना लागलेली किरणांची मात्रा मोजणारे टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी बदलतात. लेड एप्रनही यादीत घ्या, तेही तपासायचे असतात.

सोनोग्राफीबद्दल विशेष काळजी. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्यानुसार प्रत्येक यंत्राची नोंद असते आणि पोर्टेबल यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर नेता येत नाही. ते दुरुस्तीला पाठवायचं, बदलायचं, विकायचं असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याला कळवावं लागतं. त्यामुळे इतर यंत्रांसाठी जो 'ट्रान्सफर'चा पर्याय आहे तो सोनोग्राफीसाठी बंद असावा. मंजुरीचा कागद जोडल्याशिवाय गेटपास निघूच नये.

आणि यंत्रामुळे रुग्णाला इजा झाली किंवा होता होता वाचली, तर ती घटना मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाला (उपकरणांमुळे होणाऱ्या इजांवर लक्ष ठेवणाऱ्या) कळवण्याची सोय देशात २०१५ पासून आहे. सिस्टरताईंनी सुचवलेलं 'रुग्णाला धोका' हे बटण त्याच्याशी जोडा. ते दाबलं की यंत्र बाजूला काढायचं, सेटिंग बदलायची नाही, वापरलेली ट्यूब किंवा सेट फेकायचा नाही, ही सूचना स्क्रीनवर लगेच यावी.

सर्व्हिस_इंजिनिअर
९ एप्रिल, सकाळी १०.०५

मी कंपनीच्या बाजूचा माणूस. विदर्भातले दवाखाने माझ्याकडे आहेत. सिस्टरताईंच्या म्हणण्याबद्दल आदर ठेवून एक वेगळं मत मांडतो.

मी यवतमाळहून निघून संध्याकाळी नागपुरात पोहोचतो, काम करतो, यंत्र चाचणीत पास होतं. पण इनचार्ज सिस्टर राउंडवर असतात किंवा पाळी बदललेली असते. तक्रार उघडीच राहते आणि डाऊनटाइमचा (यंत्र बंद असल्याच्या वेळेचा) मीटर माझ्या नावावर चालू राहतो. करारात दंड असेल तर हा वाद फार कडवट होतो. म्हणून मधली एक पायरी असू द्या : 'काम झालं, वापराची खात्री बाकी'. माझा मीटर तिथे थांबावा आणि सिस्टरने ठरावीक वेळेत खात्री केली नाही तर बायोमेडकडे ते काम जावं. आपोआप बंद होऊ नये, हे मलाही मान्य आहे.

आम्हाला कॉल करताना काय हवं तेही सांगतो. 'मशीन बंद आहे' या शब्दांवर मी कुठला पार्ट सोबत आणू? मॉडेल, सिरियल नंबर, स्क्रीनवरच्या एरर कोडचा फोटो आणि बिघाड झाला तेव्हा यंत्र काय करत होतं, एवढं मिळालं तर बहुतेक वेळा दुसरी फेरी वाचते. दुसरी फेरी म्हणजे रुग्णासाठी आणखी एक दिवस.

आमचा सर्व्हिस रिपोर्ट घेऊन स्कॅन करून ठेवा. त्यावर 'पार्ट सुचवला आहे' असं आम्ही लिहितो आणि तो कागद फाइलीत जातो. सहा महिन्यांनी यंत्र पूर्ण बंद पडतं तेव्हा तो सुचवलेला पार्ट कोणी मंजूर केला नव्हता हे कळतं. रिपोर्टमधली शिफारस हे वेगळं काम म्हणून उघडलं गेलं पाहिजे.

सिस्टर_आयसीयू
९ एप्रिल, दुपारी ३.४०

दादा, मधली पायरी मान्य. वेळेची अट आमच्यावरही असू द्या. फक्त त्या मधल्या काळात यंत्र 'उपलब्ध' यादीत दिसू नये. खात्री झाल्यावरच हिरवं.

कोड_आयटीपार्क
९ एप्रिल, रात्री ९.३०

परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काम करतो, अशा दोन प्रणाली बसवल्या आहेत. मुक्त स्रोतामधल्या चार गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, त्यात मालमत्ता, नियतकालिक देखभाल, दुरुस्ती आणि घसारा हे सगळं लेख्यांशी जोडलेलं आहे. जीएलपीआय मध्ये तक्रारींचा भाग मजबूत आहे. स्नाइप-आयटी यादी आणि ताबा यासाठी सुटसुटीत, पण ते मुळात संगणकांसाठी बनलंय, देखभालीच्या वेळापत्रकात तोकडं पडतं. ओपनमेंट इमारत आणि प्लांटसाठी तपशीलवार आहे, मात्र बसवायला जड. मुक्त स्रोत म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत. सर्व्हर, बॅकअप, बदल करणारा माणूस यांचे लागतातच. रुग्णालयात असा माणूस नसेल तर तयार सेवा घेतलेली बरी.

कुठलंही घ्या, करारात दोन गोष्टी लिहून घ्या. संपूर्ण माहिती, जोडलेल्या कागदांसह, आपल्याला हवी तेव्हा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता आली पाहिजे. विक्रेता बदलला तर व्हेंटिलेटरचा दहा वर्षांचा इतिहास त्याच्याकडे अडकून पडायला नको. आणि तळघरात, एमआरआयच्या खोलीजवळ, लिफ्टच्या मशीन रूममध्ये नेटवर्क नसतं. फोनवर नोंद होऊन नंतर आपोआप चढली पाहिजे. डेमो कॉन्फरन्स हॉलमध्ये बघू नका, विक्रेत्याला तळघरात घेऊन जा.

हिशेबनीस
१० एप्रिल, सकाळी ११.२०

लेखा विभागाची बाजू थोडक्यात. आमच्या पुस्तकात एका बिलाची एक नोंद असते. 'मॉड्युलर ओटी, १ नग'. तुमच्या दृष्टीने त्यात टेबल, लाइट, पेंडंट, एएचयू अशी वेगवेगळी यंत्रं असतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मूळ मालमत्ता आणि तिच्या पोटातले घटक अशी रचना हवी, म्हणजे दोघांचा मेळ बसतो. प्राप्तिकरात काही जीवरक्षक उपकरणांना ४० टक्के घसारा मिळतो, इतर यंत्रांना साधारण १५ टक्के. वर्गीकरण चुकलं की तिथेही फरक पडतो.

व्यवस्थापनापुढे जाताना प्रत्येक यंत्राचा दुरुस्तीवरचा एकूण खर्च, खरेदी किंमत आणि बंद राहिलेले दिवस एका ओळीत न्या. 'जुनं झालंय, नवं घ्या' असं सांगून मंजुरी मिळत नाही. हा कागद असला की मिळते.

बायोमेड_धंतोली
१० एप्रिल, रात्री १०.००

सगळ्यांचे आभार. एक अडचण उरते. आम्ही दोघंच, यंत्रं शेकड्यांनी. प्रत्येकाची नियतकालिक देखभाल वेळापत्रकात टाकली तर महिन्याभरात सगळी यादी लाल होईल आणि मग कोणी तिच्याकडे बघणार नाही.

जिल्हा_बायोमेड
१० एप्रिल, रात्री ११.३०

त्यासाठी फेनिगकोह आणि स्मिथ यांची १९८९ ची गुणपद्धत आजही कामाची आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतही ती आहे. यंत्राचं काम काय याला १० पर्यंत गुण, बिघाड झाला तर रुग्णाला किती धोका याला ५ पर्यंत, देखभालीची गरज किती याला ५ पर्यंत. बेरीज १२ किंवा जास्त आली तर ते यंत्र वेळापत्रकात घ्यायचं. व्हेंटिलेटरची बेरीज २० पर्यंत जाते. वजनकाटा खाली राहतो, तो बिघडला की दुरुस्त करायचा. पुढे बिघाडांचा इतिहास जमला की गुण दोनने वर-खाली करता येतात. वारंवार बंद पडणारं यंत्र असं आपोआप वर सरकतं.

मात्र बारा गुणांच्या खालचं यंत्र यादीतून काढू नका. स्टिकर, तक्रार, इतिहास सगळ्यांना. वेळापत्रक निवडक.

बायोमेड_धंतोली
११ एप्रिल, रात्री ९.१५

मग असं करतो. आधी आयसीयू, एनआयसीयू आणि ओटी, त्यांच्यामागचे यूपीएस, डीजी आणि ऑक्सिजन मॅनिफोल्डसकट (सिलिंडर जोडून वॉर्डांना ऑक्सिजन देणारी यंत्रणा). वॉर्डाच्या फोनवरची चार बटणं, मधली पायरी आणि सिस्टरच्या खात्रीनंतरच हिरवा रंग, हे ज्यांच्याकडे आहे किंवा जे करून देतील त्यांच्याशीच पुढे बोलणार. डेमो तळघरात. लेखा विभागाचा एक माणूस मोजणीला सोबत मागितला आहे आणि तो मिळाला आहे. बाकीचे वॉर्ड पावसाळ्यानंतर.

कामठीकर_नर्सिंगहोम
१२ एप्रिल, सकाळी ८.४०

आमचं वीस खाटांचं छोटं प्रसूतिगृह आहे. इतकं मोठं सॉफ्टवेअर परवडणार नाही. आम्ही काय करावं? आणि स्टिकर टिकतात का? आमच्याकडे आधी लावलेले पुसून पुसून पांढरे झाले.

गुणवत्ता_ताई
१२ एप्रिल, दुपारी १२.१५

ताई, तुमच्यासाठी ऑनलाइन शीट आणि तिला जोडलेला एक फॉर्म पुरेल. यंत्रागणिक एक ओळ, फॉर्मचा क्यूआर कोड यंत्रावर, तारखांच्या आठवणी फोनच्या कॅलेंडरवर. सोनोग्राफी, वॉर्मर, फोटोथेरपी (बाळाच्या काविळीवरचे निळे दिवे), ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), ऑक्सिजन आणि सक्शन यांच्यापासून सुरुवात करा. फोटोथेरपीचे दिवे सीएफएलचे असतील तर त्यांचे वापराचे तास लिहा. दिवा पेटलेला दिसतो, पण बाळापर्यंत पोहोचणारा निळा प्रकाश कमी झालेला असतो. रेडिओमीटर (हा प्रकाश मोजणारं उपकरण) नसेल तर सर्व्हिसच्या वेळी मोजून घ्या आणि आकडा नोंदवा.

स्टिकर कागदाचे घेऊ नका. हायपोक्लोराइट आणि स्पिरिटने रोज पुसल्यावर कागद टिकत नाही. लॅमिनेशन असलेले पॉलिस्टरचे घ्या, मागच्या बाजूला हवेच्या जाळीपासून दूर, आणि तोच क्रमांक यंत्राच्या बुडाशी पक्क्या मार्करने लिहून ठेवा. ऑटोक्लेव्हच्या दाराला उष्णता लागते, तिथे कोरलेली ॲल्युमिनियमची पट्टी लावा. मावशींना एकदा दाखवून सांगा की ही पट्टी का आहे.

कामठीकर_नर्सिंगहोम
१२ एप्रिल, दुपारी २.०५

धन्यवाद. आमच्याकडे दोन जुने वॉर्मर आणि एक बंद मॉनिटर कोपऱ्यात आहेत. ते भंगारवाल्याला देता येतील का?

जिल्हा_बायोमेड
१२ एप्रिल, दुपारी ४.३०

नाही. ई-कचरा नियम २०२२ मध्ये वैद्यकीय उपकरणंही येतात, म्हणून नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या आणि पावती शीटमध्ये जोडा. देण्याआधी निर्जंतुक करा, रुग्णांची माहिती साठवलेली असेल तर पुसा. ओळ मात्र शीटमधून उडवू नका, 'निर्लेखित' लिहून तारीख टाका. त्याच कंपनीचं दुसरं यंत्र घेताना जुन्याने किती वर्षं आणि कशी साथ दिली, ते पाहायला ती ओळ लागेल.